वेणीचे तास

2016 च्या उन्हाळ्यात एक व्यापारी कोल्हापूरच्या सुभाषनगरात आमच्या घरी आले, चहा घेतला आणि कोल्हापुरी चपलांच्या 100 जोडांची ऑर्डर देऊन गेले. कापशी घाट, वेणीवाल्या. भाव विचारल्यावर आमच्या मालकांनी क्षणभर विचार केला आणि 400 सांगितले. समोरच्यानं घासाघीससुद्धा केली नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

400 आले कुठून? शेजारी 420 ला द्यायचे, म्हणून आम्ही 400. शेजाऱ्यांनी तो आकडा कशावरून धरला, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

गणपती झाल्यावर मी लेकीची जुनी वही घेऊन हिशेबाला बसले. तळाचं म्हशीचं कातडं, पट्ट्याचं कातडं, वाद्यांसाठी शेळीचं, दोरा, रंग, तेल मिळून जोडामागं 280 रुपये. उरले 120. मालक म्हणाले, "शंभर जोडांचे 12 हजार सुटले की." मग मी तास लिहायला घेतले. कातडं बेतणं, तळ शिवणं, कान बसवणं, पट्टा जोडणं, हे त्यांचे 4 तास. वेणी आणि गोंडे माझे नि आत्याबाईंचे मिळून अडीच तास. साडेसहा तासांना 120 रुपये. तासाला साडेअठरासुद्धा पडत नव्हते.

त्या दिवसापर्यंत वेणीचे तास आमच्या घरात कुणीच मोजले नव्हते, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत अजून मोजत नाहीत. कारण ती बायका करतात, स्वयंपाक आवरल्यावर, उंबऱ्यात बसून. शेळीचं कातडं भिजवून त्याच्या दोऱ्यासारख्या वाद्या काढायच्या. टोकं पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि पदरावर पदर टाकत जायचं. एक वादी सैल पडली की सगळी वेणी फुगते, उसवून पुन्हा घालावी लागते. आत्याबाईंच्या उजव्या तर्जनीला त्या कामानं कायमची खाच पडली होती. गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं ते वेणी बघून, आणि आम्ही नेमकी तीच फुकट देत होतो.

म्हणून नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या पोरींना मी पहिलं हेच सांगते, मग त्यांचं काम चपलेचं असो, गोधडीचं असो की मातीचं. आधी घड्याळ लावून एक नग करा. घरातल्या प्रत्येकाचे तास लिहा. तेच काम बाहेरच्या बाईकडून करून घ्यायचं झालं तर तिला जी मजुरी द्यावी लागेल, तीच स्वतःला लावा. बिघडलेले नगही त्यात धरा.

त्या ऑर्डरीनं आणखी एक धडा दिला. मी सगळा माल उधारीवर दिला होता. निम्मे पैसे दिवाळीला आले. बाकीचे मागितले तेव्हा 18 जोड परत आले, बुरशी धरलेले. बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेल्या कातड्याला पावसाळ्यात वारा लागतो. बंद पोत्यात, ओलीच्या भिंतीला ठेवलं तर ते खराब होणारच. पण कागदावर काही नव्हतं, सोसलं आम्हीच. आता कातड्याचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी रापीला हात लावू देत नाही. आणि दिलेला माल परत घेत नाही, हे चिठ्ठीवर लिहून सही घेते.

पुढच्या वर्षी 650 सांगितले. जुनी दोन गिऱ्हाइकं तुटली, दोन महिने हात रिकामे राहिले. ते दिवस अवघड होते, खोटं कशाला बोलू? मग मी प्रदर्शनात बसायला लागले. तिथं घाऊक भावात विकण्याची चूक मात्र करू नका. गाळ्याचं भाडं, गाडीखर्च, राहणं, जेवण त्या किमतीतूनच निघायचं असतं. शिवाय तुमचा माल ठेवणाऱ्या चप्पल लाईन बाजारातल्या दुकानदाराला कळलं की तो पुढची ऑर्डर देत नाही.

दरम्यान, 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 जिल्हे त्यात आले. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जोडाची किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे 80 हजारांच्या वर, असं जाहीर झालं. गल्लीतल्या पोरांनी लगेच भाव दुप्पट केले. मला त्यांची काळजी वाटते. ती किंमत त्या दुकानाची आणि त्या नावाची आहे. आपल्या गिऱ्हाइकाला रेक्झिनची चप्पल शेजारीच 300 ला मिळते, दोन्हींतला फरक त्याला कुणी समजावलेला नसतो. तो समजावणं हे आपलंच काम आहे.

परवा एका बाईंनी 1,400 चा जोड हातात घेऊन विचारलं, "एवढे कसले हो?" मी टेबलाखालून भिजवलेल्या वाद्या काढल्या आणि म्हटलं, "बसा ताई, घाला बघू एक वेणी." त्या बसल्या. तिसऱ्या पदराला वादी सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. मग त्यांनी पर्स उघडली आणि 7 नंबर मागितला.