स्विचवरील अग्रक्रम : अनुभवाचे बोल

संगणकजाळ्यातील स्विच आलेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, योग्य पोर्टकडे धाडतो. मात्र बाहेर पडणाऱ्या पोर्टला पेलतील त्याहून अधिक पॅकेटे एकाच वेळी आली की त्यांची रांग लागते, आणि त्या रांगेतून आधी कोणाला सोडायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला क्यूओएस म्हणतात. नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यापाशी तुंबलेल्या वाहनांतून रुग्णवाहिकेला वाट दिल्याने बोगदा रुंद होत नाही, आणि ती वाट बोगद्याच्या तोंडाशीच द्यावी लागते. तसेच क्यूओएसने बँडविड्थ वाढत नाही आणि रांग जिथे लागते तिथेच त्याचा उपयोग होतो.

इंदिरानगरातीलच एका छोट्या कार्यालयात बॅकअप सुरू झाला की इंटरनेटवरील फोनचा आवाज तुटत असे, म्हणून स्विचवर क्यूओएस चालू करण्यात आले, तरी तक्रार वाढलीच. काही स्विचांवर ही सोय चालू होताच कोणत्याही पोर्टवर विश्वास ठेवला जात नाही, आणि फोनने पॅकेटवर घातलेली अग्रक्रमाची खूण पुसून तिथे शून्य लिहिले जाते. ही खूण दोन प्रकारची असते : इथरनेटच्या पातळीवरील ८०२.१पी, जिची मूल्ये ० ते ७ असतात, आणि आयपीच्या पातळीवरील डीएससीपी, जिची मूल्ये ० ते ६३ असतात. आवाजासाठी अनुक्रमे ५ आणि ४६ ही मूल्ये रूढ आहेत. परंतु पहिलीवरून दुसरी ठरवताना काही स्विच ५ चे ४६ न करता ४० करतात, म्हणून रूपांतराचा तक्ता तपासून घ्यावा. पुढे सरसकट सर्व पोर्टांवर विश्वास ठेवला गेला, तेव्हा संगणकांनी स्वतःहून लावलेल्या खुणाही ग्राह्य ठरू लागल्या. शिवाय स्विचचे पोर्ट १ गिगाबिटचे आणि इंटरनेटची जोडणी १०० मेगाबिटची असल्याने खरी रांग राउटरपाशी लागत होती.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी प्रत्येक पोर्टवर गळालेल्या पॅकेटांचे आकडे पाहून रांग कुठे लागते ते शोधावे. मग फक्त फोनच्या पोर्टांवर विश्वास ठेवावा आणि इतरांच्या खुणा शून्य कराव्यात. राउटरवर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी ठेवली, तर रांग आपल्याच ताब्यात राहते आणि तिथे दिलेला अग्रक्रम लागू पडतो. आवाजाची रांग नेहमी सर्वांआधी रिकामी होत असेल, तर तिलाही कमाल मर्यादा घालावी, नाहीतर तिच्यात चुकून शिरलेली वाहतूक इतरांना उपाशी ठेवते. जी.७११ या आवाज-संकेतन पद्धतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट प्रतिसेकंद पुरतात, म्हणजे दहा संभाषणांना १ मेगाबिट पुरेसा ठरतो. बदलाआधी जुन्या सेटिंगची प्रत जपावी आणि चाचणी बॅकअप चालू असतानाच घ्यावी. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणे सुरळीत होते.

अग्रक्रम जितक्या थोड्यांना दिला जाईल, तितकाच तो खरा ठरतो; म्हणून तो कोणाला द्यायचा हे कागदावर लिहून ठरवल्याशिवाय स्विचच्या सेटिंगला कोणी हात लावू नये.