पाठ होण्याआधी कळू दे

वसई, ८ जून

चि. रीना,



आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत तुला ज्युनियर केजीचा वर्ग मिळाल्याचं तुझ्या आईने सांगितलं. फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "मावशी, दिवाळीपर्यंत ए टू झेड लिहून व्हायला हवं म्हणतात, कसं करू?" दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

थेटच सांगते. चार वर्षांच्या मुलाकडून काहीही पाठ करून घेता येतं. एबीसीडी, आकडे, प्रार्थना, सगळं घडाघडा म्हणून दाखवतं. आई-बाबा खूश, पाहुणे खूश. पण पाठ होणं वेगळं आणि येणं वेगळं. तुला वर्गात अक्षरंही शिकवायची आहेत आणि प्रार्थनाही. दोन्हींना नियम एकच लाव: आधी कळू दे, मग म्हणू दे, आणि लिहिणं सगळ्यांच्या शेवटी.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. तुझ्या पणजीच्या पिढीला चर्चमधल्या लॅटिन प्रार्थना तोंडपाठ होत्या. श्रद्धा अस्सल होती, पण शब्दांचा अर्थ किती जणींना ठाऊक होता? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून दिली आणि काही वर्षांत आपल्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत, कारण इथल्या कानांना ओवी ओळखीची होती. जे चर्चला पटलं ते केजीच्या वर्गाला पटायला काय हरकत आहे?

आता कामाचं. तुझ्या वर्गात वसईच्या कुपारी समाजातलं मूल आपली कादोडी बोली बोलत येईल, शेजारी कुणी हिंदी बोलणारं असेल, कुणी गुजराती, कुणी मराठी. आणि वर्गाची भाषा इंग्रजी! मूल गप्प बसलं म्हणून त्याला काही येत नाही, असा निष्कर्ष काढू नकोस. त्याला ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत बोलू दे. तू तेच साध्या इंग्रजीत म्हण आणि पुढे जा. "असं नाही, असं म्हण" हे वाक्य वर्षभर तोंडात आणू नकोस. घरच्या बोलीला एकदा वर्ग हसला, की ते मूल पुढे कुठल्याच भाषेत तोंड उघडत नाही.

गोष्टींसाठी तुला लांब जायला नको. डिसेंबरात वर्गात नाताळचा गोठा मांडशीलच. काचेच्या कपाटात ठेवून "हात लावू नका" म्हणायचा गोठा नको. मातीच्या, पुठ्ठ्याच्या छोट्या मूर्ती मुलांच्या हातात दे आणि त्यांनाच गोष्ट सांगायला लाव. माझ्या वर्गातल्या एका मुलाने योसेफ आणि मारिया दारोदार फिरतात तो भाग असा सांगितला: "त्यांच्याकडे डिपॉझिट नव्हतं, म्हणून कुणी खोली दिली नाही." तो भाड्याच्या खोलीत राहणारा होता. बेथलेहेमची गोष्ट त्याला जितकी कळली होती तितकी वर्गातल्या बाकीच्या मुलांना कळली नव्हती. मी ते वाक्य त्याने काढलेल्या चित्राखाली जसंच्या तसं लिहिलं आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. मग तो कागद घेऊन वर्गभर फिरला आणि भेटेल त्याला बोट फिरवत "वाचून" दाखवू लागला. अक्षरं त्याला अजून येत नव्हती. पण आपण बोललेलं कागदावर राहतं आणि पुन्हा तसंच वाचता येतं, हे त्याला कळलं होतं. हे कळण्याआधी गिरवलेला ए म्हणजे नुसती रेघ. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाचं एक वाक्य असं लिहून घे.

त्यानंतर कान. बी, ए, टी ही अक्षरांची नावं झाली. ती कितीही भराभर म्हटली तरी त्यातून बॅट ऐकू येत नाही, म्हणून नावाआधी आवाज शिकव. फोनिक्सच्या बऱ्याच पुस्तकांत सुरुवात ए-बी-सीने होत नाही, एस, ए, टी, आय, पी, एन यांनी होते. एवढ्या सहा अक्षरांतून पिन, टिन, टॅप, सिट असे शब्द लगेच जुळतात आणि मुलाला आठवड्याभरात वाचल्याचा आनंद मिळतो. मराठीत आपण ग म भ न पासून सुरू करतो त्यातही हीच युक्ती आहे: वळणं सारखी, आणि मन, मग, नभ हे शब्द तयार. वही उघडण्याआधी तोंडी खेळ भरपूर घे. "ज्यांचं नाव म-ने सुरू होतं त्यांनी हात धुवायला जा." रांगही लागते आणि धडाही होतो.

मॉन्टेसरीबाईंचा शांततेचा खेळ तुला ट्रेनिंगमध्ये शिकवला असेल. मुलं डोळे मिटून गप्प बसतात, बाई दाराशी जाऊन एकेकाचं नाव कुजबुजतात, नाव ऐकू आलेलं मूल चवड्यांवर चालत येतं. तो खेळ प्रार्थनेआधी घे. ओरडून "हात जोडा" म्हणण्यापेक्षा त्याने वर्ग लवकर शांत होतो, आणि कानही तयार होतो.

हाताची घाई मात्र अजिबात नको. बोटांत बळ आल्याशिवाय पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ च्या जानेवारीत, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. तिथे मुलांना खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी चाचपायला देत आणि बरोबर आवाज म्हणायला लावत. लिहिणं मागाहून आपसूक आलं. महागडं साहित्य नाही म्हणून अडू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडी सुरू केली ती बिया, काड्या, शिंपले अशा मिळेल त्या वस्तूंवर. तुझ्या वर्गातल्या कितीतरी आया पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडतात. ओंजळभर मागवून घे आणि जाड दोऱ्यात ओवायला दे. शेंगा सोलणं, कागद फाडून चिकटवणं, कणीक मळणं, हा सगळा लेखनाचाच तास आहे. चौरेघी वही त्यानंतर.

एक बारीकशी गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मुलांकडे तोंड करून तू उजव्या हाताने क्रुसाची खूण केलीस, की समोरची निम्मी मुलं डावा हात उचलतात. तू त्यांना चुकीची ठरवतेस, पण ती बिचारी तुला दिसेल तसं करत असतात. हवेत अक्षर गिरवतानाही तेच होतं, तुझा बी त्यांना डी दिसतो. दोन्ही वेळा सरळ वर्गाकडे पाठ कर आणि हात वर उचलून दाखव. एवढं करूनही सहा-सात वर्षांपर्यंत काही मुलं अक्षरं उलटी काढतातच. लाल पेनाने भोपळे देऊ नकोस, बाजूला सुलट अक्षर काढून ठेव.

प्रार्थनेबद्दल आणखी थोडं. तुझ्या वर्गात सगळी मुलं आपली, म्हणजे ख्रिस्ती, नसणार. कुणाच्याही मुलाचा हात धरून क्रुसाची खूण करवू नकोस. राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पण कलम नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. येशूने मुलांना जवळ बोलावलं, आधी परीक्षा घेतली नाही. प्रार्थनेच्या वेळी ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत, बाकीच्यांनी शांत बसावं. आपल्या मुलांनासुद्धा लांबलचक प्रार्थनेआधी एक छोटं वाक्य स्वतःच्या शब्दांत म्हणू दे. "देवा, आजीचा गुडघा बरा कर" ही चार वर्षांच्या मुलाची पूर्ण प्रार्थना आहे.

राहता राहिले पालक. "शेजारच्या शाळेत वाक्यं लिहितात" हे तुला जुलैतच ऐकू येईल. चिडू नकोस, त्यांनी फी भरली आहे आणि वहीशिवाय त्यांना काही दिसत नाही. तेव्हा दिसेल असं काहीतरी ठेव. चित्राखालची वाक्यं तारखेसकट फाइल कर आणि पालकसभेत जून आणि ऑक्टोबर शेजारी शेजारी मांड. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ ही पाच वर्षं पायाची धरली आहेत आणि सुरुवातीला भर खेळावर ठेवला आहे, हेही सांग. आणि मुख्याध्यापिका सिस्टरांशी आधीच बोलून घे. मुख्याध्यापिका पाठीशी नसेल तर नव्या बाईचं काही चालत नाही.

दिवाळीपर्यंत काय व्हावं, हा तुझा प्रश्न. मुलाने स्वतःचं नाव ओळखावं. शब्दाचा पहिला आवाज सांगावा. पुस्तक सुलट धरावं, पान एकेक उलटावं. गोष्ट आधी काय, मग काय, शेवटी काय अशी सांगावी. कात्रीने रेघेवरून कापावं. आणि बाईंना "मला नाही कळलं" म्हणायला घाबरू नये. एवढं झालं की ए टू झेड मार्चच्या आत होतं, तेही कुणाला न रडवता. या यादीतलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि ते तुझ्या चेहऱ्यावर अवलंबून आहे.

पहिले दोन आठवडे रडारड चालणारच. आवाज चढवू नकोस, तुझाच घसा बसेल. कोमट पाण्याची बाटली जवळ ठेव, आणि चपला चांगल्या घे, दिवसभर उभं राहायचं आहे. सिस्टरांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी