फळीवरचं कळंबोली

कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ साली खुलं झालेलं. तिथे माझी नजर गाड्यांवरून हलून भोवतीच्या चिमुकल्या गावावरच खिळली. घरी सहा बाय तीनच्या प्लायवर रूळ टाकले आणि भोवती नवी मुंबईतलं कळंबोली उभारायला घेतलं. गाडी महिन्याभरात धावली, गावाला चार वर्षं लागली. त्या काळात शिकलो ते असं.

१. आधी दार मोजायचं. माझं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. सात फुटी दार २४ मि.मी., मजला ३५ मि.मी. इमारतीची लांबी जागेअभावी कमी केली तरी चालते. दार मोठं झालं की सगळंच खेळणं दिसतं. रुळांत मात्र मी तडजोड केली. आपलं ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चं, या मापात १९ मि.मी.च्या वर जातं. एचओचा रूळ मिळतो १६.५चाच.

२. कौलारू, धुराड्यांच्या परदेशी घरांचे संच सुंदर असतात, पण ती कळंबोलीची घरं नव्हेत. मी सिडकोच्या इमारती सनबोर्डातून कापल्या. काळ्या टाक्या, ग्रिलमधली तुळस, दोरीवरचे कपडे, छज्ज्याखाली उतरलेले शेवाळी ओघळ. ओघळांशिवाय कोकणपट्टीतली भिंत मला खरी वाटत नाही.

३. पुठ्ठ्याची घरं पहिल्याच जुलैत वाकली. आता आतून पट्ट्यांचा आधार देतो आणि रंग दोन्ही बाजूंनी लावतो.

४. सगळ्यात जास्त वेळ रस्त्याला द्यावा. डांबर काळं राहत नाही, उन्हाने राखाडी पडतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सांधे पुटीने बुजवले, वर राखाडीच्या तीन छटा. चाकांच्या वाटा जरा गडद, ट्रक थांबतात तिथे मधोमध तेलाचे थेंब. पेव्हर ब्लॉक रिकाम्या रिफिलने सनबोर्डावर दाबून काढले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या रस्त्याचा रंग काही केल्या जमेना. पावसात तिथे उभं राहिलो तेव्हा दिसलं, लोखंडाच्या गंजाचं तांबूस पाणी कडेच्या गटाराकडे वाहतंय. घरी येऊन दिवाळीच्या किल्ल्यातून उरलेला गेरू पाण्यात कालवला आणि त्याच उताराने सोडला. तो कोपरा मला आजही सगळ्यात आवडतो.

५. घर चिकटवण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने ढकलत न्यावा. वळणावर त्याचं पोट आत येतं, टोकं बाहेर जातात. रस्ता रूळ ओलांडतो तिथे चाकाच्या कडेपुरती फट राखावी, नाहीतर डबा वर चढतो.

६. त्या जागी राबलेल्या माणसाला मॉडेल दाखवावं. शेजारच्या काकांनी तीस वर्षं ट्रेलर चालवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, मग बाजाराच्या नाक्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा कठडा इतका शाबूत कसा रे? वळताना मागची चाकं आत येतात. इथे तो फुटलेलाच असणार.’’

त्याच रात्री मी पक्कड घेऊन कठड्याची कड मोडली.