यशस्वी माणसांचा सल्ला : ठिपके आपले आपण मोजावेत



बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी एक मेसेज हमखास येतो : यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात. आपण हात जोडतो, पुढे पाठवतो आणि उशिरा उठलेल्या मुलाला तोच ऐकवतो. आज या सवयीचा थोडा अभ्यास करू.

असा उपदेश करणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०). वडील साबण-मेणबत्त्या करायचे. मुलाने छापखाना काढला आणि ४२व्या वर्षी धंद्याच्या रोजच्या कामातून तो मोकळा झाला. ऐन विशीत त्यांनी मिताहार, मौन, नीटनेटकेपणा, काटकसर, उद्योग असे बारा गुण निवडले. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं एका मित्राने सांगितल्यावर तेरावा गुण जोडला, नम्रता. एक छोटी वही केली. दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष द्यायचं, आणि दिवसभरात जिथे चुकलं तिथे काळा ठिपका. तेरा आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षात चार.

आता गंमत बघा. १७८४ साली, ७८ वर्षांचे असताना, ते आत्मचरित्रात कबूल करतात की नीटनेटकेपणा काही जमला नाही. गर्व पूर्ण जिंकला असं वाटलं तरी त्या नम्रतेचाच गर्व होईल, असंही लिहितात. मग हे कोरडे पाषाण म्हणायचे का? नाही. त्यांनी आपले ठिपके लपवले नाहीत, म्हणून तर त्या वहीवर विश्वास बसतो.

पण दुसरी बाजूही आहे. पत्नी डेबोरा पुस्तिकांच्या घड्या घालून शिवायची, दुकान सांभाळायची, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. घरात गुलाम माणसंही राबत होती. वेळ वाया घालवू नका या उपदेशात मात्र ती दिसत नाहीत. आपल्याकडे तरी काय? पाचला ध्यानाला बसणाऱ्याचा चहा जी ठेवते, ती साडेचारलाच उठलेली असते. आणि तेवढेच कष्ट करून मागे राहिलेल्यांचं आत्मचरित्र कुणी छापत नाही.

म्हणून सल्ला टाकून देऊ नये, पण घेताना तीन प्रश्न विचारावेत :

१) सांगणाऱ्याला तो स्वतःला कितपत पाळता आला?
२) त्याच्या पाठीशी कोण उभं होतं?
३) मी तो स्वतःसाठी घेतोय, की दुसऱ्याला टोचायला?

फ्रँकलिन यांनीच १७५८च्या आपल्या वार्षिक पंचांगात एक गोष्ट लिहिली आहे. लिलावाला जमलेल्या लोकांना एक म्हातारा काटकसरीचा उपदेश करतो. सगळे माना डोलावतात, आणि लिलाव सुरू होताच भरमसाट खरेदी करतात. कोटाचं कापड घ्यायला आलेला एकटा माणूस मात्र जुनाच कोट अजून वापरू म्हणून रिकाम्या हाताने घरी जातो. उपदेश लाभला तो त्यालाच.

या आठवड्याचा अभ्यास : एकच गुण, सात दिवस. वही ग्रुपवर टाकायची नाही. मुलांचे, सुनेचे, नवऱ्याचे ठिपके मोजायचे नाहीत. आणि निदान एक दिवस सकाळचा चहा आपण ठेवायचा.