संकलनाचा आराखडा आणि त्याचे स्थलांतर

फिल्मवर काम चालत असे त्या काळी संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामाच्या प्रतीवर तो काटछाट करी आणि फिल्मच्या कडेवरील क्रमांकांच्या आधारे निगेटिव्ह अगदी शेवटी कापली जाई. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म संस्थेतील विद्यार्थी हीच पद्धत शिकत. चित्र आणि चित्राविषयीचे निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिचे मर्म होय.

संगणकावरील संकलनही याच तत्त्वावर चालते. प्रोजेक्टच्या फाइलीत सहसा चित्रण नसतेच. कोणता तुकडा, कोठून कोठपर्यंत आणि कशानंतर घ्यावयाचा, याच्या नोंदी तेवढ्या असतात. रायपूरच्या भनपुरीत एखादा तरुण लग्नसमारंभाची फिल्म सोप्या सॉफ्टवेअरवर जुळवतो आणि पुढे व्यावसायिक सॉफ्टवेअरकडे वळतो, तेव्हा त्याला स्थलांतर करावयाचे असते ते या नोंदींचे.

येथेच अडचण उद्भवते. तुकड्यांचा क्रम आणि लांबी बहुधा सुखरूप पोहोचते. परंतु तयार शीर्षके, रंगछटा आणि दृश्यबदलाचे खास प्रकार हे त्या त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे असल्यामुळे मागे राहतात. २०११ साली अ‍ॅपल कंपनीचे 'फायनल कट प्रो एक्स' बाजारात आले, तेव्हा नवशिक्यांच्या 'आयमूव्ही'तील प्रोजेक्ट त्यात उघडत. मात्र त्याच कंपनीच्या आधीच्या 'फायनल कट प्रो ७'मधील प्रोजेक्ट उघडत नसत. कारण असे की, नव्या आवृत्तीत नोंदी मांडण्याची रीतच बदलली होती. वर्षानुवर्षांचे काम जुन्या आवृत्तीत असलेल्या व्यावसायिकांना हा मोठाच धक्का होता.

तेव्हा स्थलांतरापूर्वी काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. सर्व मूळ चित्रण, ध्वनी व छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि त्यांची नावे बदलू नयेत. नाव किंवा जागा बदलली की नोंदीचा धागा तुटतो. जुन्या सॉफ्टवेअरमधून संपूर्ण फिल्म एकदा उत्तम प्रतीत काढून ठेवावी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग मूळ प्रोजेक्टइतकाच ठेवावा. सेकंदास ३० फ्रेमचे काम २५ फ्रेमच्या आराखड्यात घातल्यास कापण्याच्या जागा सरकण्याचा संभव असतो. त्यानंतर नवा आराखडा जुन्या फिल्मशेजारी ठेवून प्रत्येक जोड तपासावा. हे सारे पुरे होईपर्यंत जुने सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकू नये.