विश्वकोशाचा जीर्णोद्धार

यवतमाळ जिल्ह्यात वणी शहराजवळ राजूर हे गाव आहे. कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे त्याचे नाव त्या परिसरात सर्वांच्या परिचयाचे झाले. या गावच्या शाळेतील एका मुलाला ‘आमचा जिल्हा’ या विषयावर निबंध लिहावयाचा आहे, अशी कल्पना करावी. मुलगा कष्टाळू आहे. ऐकीव माहितीवर त्याचे समाधान होत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जातो आणि संदर्भग्रंथांच्या कपाटापुढे उभा राहतो.

इंग्रजी अमदानीत तयार झालेल्या इम्पीरियल गॅझेटिअरची एकोणिसाव्या शतकातील आवृत्ती त्याच्या हाती पडली, तर तीत यवतमाळ नावाचा जिल्हाच त्याला आढळणार नाही. त्या काळी या जिल्ह्याला ‘वून’, म्हणजे वणी, असे नाव होते. ते बदलून १९०५ साली यवतमाळ हे नाव देण्यात आले. पुढे १९०८ मध्ये निघालेला जिल्ह्याचा स्वतंत्र ग्रंथ त्याने उघडला, तर जिल्ह्यात पाच तालुके असल्याचे त्यास कळेल. आज तेथे सोळा तालुके आहेत. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने तोच ग्रंथ नव्याने लिहवून १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु वणी परिसरातील कोळसाखाणी चालविणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली. तेव्हा तिचे नाव त्या ग्रंथात असणे शक्यच नव्हते.

हे तिन्ही ग्रंथ जाणत्या माणसांनी परिश्रमपूर्वक लिहिलेले आहेत. त्यांपैकी एकही खोटा नाही. ते केवळ जुने झाले आहेत. पण हे त्या मुलाला कोणी सांगावे? छापील अक्षरावर त्याचा विश्वास असतो. ग्रंथ जितका जाड, तितका तो विश्वास अधिक! चुकीचे पुस्तक वाचून फसलेला मनुष्य एक वेळ सावध होतो. पण एके काळी बरोबर असलेले पुस्तक वाचून जो फसतो, त्याला आपण फसलो हे पुष्कळदा कळतही नाही.

सर्व ज्ञान एकत्र करून सांगणाऱ्या कोशांवर तर हे संकट नेहमीच ओढवते. मराठीतील पहिला मोठा ज्ञानकोश डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी रचला. केतकरांचे शालेय शिक्षण विदर्भातच, अमरावतीस झाले. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि ज्ञानकोशाच्या उद्योगाचा आरंभ त्यांनी नागपुरास केला. नंतर तो पुण्यास गेला. १९२० नंतरच्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड बाहेर पडले. कोशाला वर्गणीदार मिळावेत म्हणून हा विद्वान गावोगाव हिंडला. एवढे कष्ट करूनही काळ कोणासाठी थांबत नाही. केतकरांचे खंड छापून झाल्यावर, १९३० मध्ये, प्लूटोचा शोध लागला आणि आठ ग्रहांचे नऊ झाले. त्यानंतरच्या सर्व पुस्तकांत नऊ ग्रह आले. मग २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले आणि ग्रह पुन्हा आठच उरले! जुने पुस्तक कधी कधी असेही पुन्हा बरोबर ठरते; मात्र त्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी शासनाने साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन करून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना त्याचे अध्यक्ष नेमले. या मंडळाने मराठी विश्वकोशाचे कार्य अंगावर घेतले. कार्यालय कृष्णाकाठी, वाई येथे थाटण्यात आले. कोश लिहिण्यापूर्वी तर्कतीर्थांनी एक अत्यंत शहाणपणाची गोष्ट केली. शेकडो लेखक लिहिणार, तर एकाने ‘प्राणवायू’ म्हणावे, दुसऱ्याने ‘ऑक्सिजन’ म्हणावे आणि वाचकाने दोन निराळे वायू समजावेत, असा घोटाळा होण्याची भीती होती. म्हणून विविध शास्त्रांतील संज्ञांना मराठी प्रतिशब्द आधी ठरविण्यात आले. त्यांचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले. मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड इत्यादींनी त्यांच्यामागे ही धुरा वाहिली. विसावा खंड २०१५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा अठरा हजारांहून अधिक नोंदींचा हा डोलारा उभा राहिला होता.

परंतु मराठी वर्णमाला ‘अ’पासून सुरू होते आणि कोशकारांची अडचणही तेथूनच सुरू होते. ‘अ’ची नोंद १९७६ मध्ये छापली गेली आणि ‘ह’ची पाळी येईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे लोटली. ‘अवकाश’ हा शब्द ‘अ’चाच. १९७६ मध्ये भारताच्या अवकाशप्रवासाविषयी लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखी मोठी गोष्ट एकच होती. ती म्हणजे आदल्या वर्षी रशियन अग्निबाणाने आकाशात नेलेला ‘आर्यभट’ हा उपग्रह. स्वतःच्या अग्निबाणाने उपग्रह सोडण्यास आपण १९८० मध्ये समर्थ झालो आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले. ‘देवी’ या रोगाचेही तसेच. निसर्गतः झालेला त्याचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि १९८० मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी लिहिलेल्या नोंदीत देवीचा उल्लेख वर्तमानकाळात असणार. आज तो भूतकाळात करावा लागतो. वणीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा चंद्रपूरचे क्षेत्रफळ, लोकसंख्या, जंगले, नद्या या सर्वांचे आकडे एका दिवसात शिळे झाले.

ही अडचण केवळ मराठीची नव्हे. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला व अखेरचा १९२८ मध्ये. हजारो सामान्य वाचकांनी पुस्तके वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या संपादकांकडे पाठविल्या होत्या. तरी आंत्रपुच्छाच्या विकाराचे इंग्रजी नाव त्यात राहून गेले. ते फार तांत्रिक आहे, असे संपादकांना वाटले होते. पुढे १९०२ मध्ये याच विकारामुळे सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक लांबणीवर पडला आणि तो शब्द घरोघर पोचला. कोश पूर्ण होऊन पाच वर्षे होतात न होतात तोच १९३३ मध्ये पुरवणी काढावी लागली.

वीस खंडांचा विश्वकोश पुन्हा पहिल्यापासून लिहावा, तर आणखी चाळीस वर्षे जातील आणि तोवर ‘अ’ पुन्हा म्हातारा होईल. म्हणून विश्वकोश निर्मिती मंडळाने निराळी वाट धरली. अक्षरांच्या क्रमाने जाण्याऐवजी विषयांची वाटणी करण्यात आली आणि एकेका विषयासाठी ज्ञानमंडळ निर्माण झाले. ही ज्ञानमंडळे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या सहकार्याने चालतात. पुरातत्त्वाचा भार पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने उचलला, अर्थशास्त्राचा तेथील गोखले संस्थेने. आता भूगोलाने खगोलाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. सर्वांचे काम एकाच वेळी चालते. संगणकाच्या भाषा वापरणारे लोकही आपल्या मार्गदर्शिका अशाच रीतीने अद्ययावत ठेवतात. पायथॉन या संगणकभाषेची मार्गदर्शिका देशोदेशींचे स्वयंसेवक मिळून दुरुस्त करीत असतात.

काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम जुनी नोंद वाचावी लागते आणि तिच्यात काय टिकले, काय मोडले, हे पाहावे लागते. डोंगर हलत नाहीत, म्हणून त्यांच्या नोंदी तरी सुरक्षित असतील असे वाटते. पण एव्हरेस्टची ८,८४८ मीटर ही उंचीही २०२० मध्ये नव्या मोजणीने ८,८४८.८६ मीटर ठरली. मग तज्ज्ञ लेखक नवी नोंद लिहितो आणि त्याच विषयातील दुसरा तज्ज्ञ ती तपासतो. नोंदीखाली लेखकाचे नाव येते, तसेच समीक्षकाचेही. या दोन नावांना मोठा अर्थ आहे. चूक निघाली, तर जाब विचारण्यास माणूस आहे, असा तो अर्थ. शेवटी भाषेची तपासणी होते. तज्ज्ञाला आपल्या विषयातील बारकावे सोडवत नाहीत आणि सामान्य वाचकाला तर नोंद समजली पाहिजे. या ओढाताणीत दोन्ही बाजूंना थोडे थोडे नमते घ्यावे लागते.

नवी नोंद आली म्हणजे जुनी पुसून टाकावी काय? विश्वकोशाने तसे केले नाही, हे योग्यच झाले. जुने खंड जसेच्या तसे संगणकावर वाचावयास मिळतात आणि नव्या नोंदींना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना कोरीव दगड कोणी फेकून देत नाही. १९७६ मध्ये मराठी माणसाला अवकाशाविषयी किती ठाऊक होते, हे समजून घ्यावयाचे तर ती जुनी नोंदच उघडावी लागेल.

आता राजूरच्या त्या मुलाकडे वळावे. त्याने तिन्ही ग्रंथ मिटले नाहीत. ते शेजारी शेजारी मांडले. वून या नावापुढे त्याने ‘१९०५ पूर्वी’ असे लिहिले. पाच तालुक्यांपुढे १९०८ हा आकडा घातला. चालू स्थितीविषयी त्याने खाणीवर काम करणाऱ्या शेजारच्या काकांना विचारले, तालुक्यांची यादी तहसील कचेरीतील फलकावरून उतरून घेतली आणि मग निबंधाच्या तळाशी, स्वतःच्या नावाशेजारी, त्या दिवसाची तारीख टाकली.