उतारवयातील श्वासबळ

देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून कठड्यास हात टेकणारी वडील मंडळी आपण नित्य पाहतो. कोणी विचारले तर "वय झाले, दम लागतो" एवढेच उत्तर मिळते, आणि विचारणाराही पुढे जातो. दम लागण्यास कारणे पुष्कळ आहेत. हृदय दुबळे असेल, फुप्फुसात जुना विकार असेल, अंगात रक्त कमी असेल. ह्यांचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीवाचून होत नाही आणि तो सर्वांआधी झाला पाहिजे. परंतु ह्यांखेरीज एक कारण असे आहे की, त्याकडे घरच्यांचे तर राहोच, खुद्द दम लागणाऱ्याचेही लक्ष जात नाही. श्वास ओढणारे स्नायूच अशक्त झालेले असतात. आजच्या पाठात त्यांचा विचार करावयाचा आहे.

फुप्फुस हे स्वतः फुगत नाही. त्यास फुगविणारे दुसरेच आहेत. छाती व पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू आडवा पसरलेला असतो, त्यास श्वासपटल म्हणतात. तो आकसला की घुमट खाली उतरतो. त्याच वेळी बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढते व हवा आत येते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास १२ ते २० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे २०,००० वेळा हे काम करीत असतो. उतारवयात बरगड्यांच्या कूर्चा ताठ होतात, पाठीस बाक येतो, आणि तेवढीच हवा ओढण्यास अधिक जोर लागू लागतो. नेमक्या त्याच काळात जोर देणारा स्नायू मात्र क्षीण होत असतो.

२००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातील दुर्बलतेची पाच लक्षणे सांगितली: कारणावाचून वजन उतरणे, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे व हालचाल कमी होणे. ह्यांपैकी तीन वा अधिक आढळली तर ती व्यक्ती दुर्बल समजावी. ह्या यादीत श्वासाचा उल्लेख नाही. पण ज्याची मूठ ढिली झाली त्याचे श्वासपटल तेवढे मजबूत राहिले असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

ह्यात खरा धोका आहे तो खोकल्याचा. खोकला ही पीडा आहे असेच आपण समजतो. वस्तुतः तो छातीचा पहारेकरी आहे. खोकण्यापूर्वी मनुष्य खोल श्वास घेतो, क्षणभर घशाचे दार मिटते, पोटाचे स्नायू आवळतात आणि हवा वेगाने बाहेर पडते. पहिला श्वासच उथळ असेल तर पुढचे सारे लटके पडते. कफ आत राहतो, जेवताना ठसक्याने खाली गेलेला अन्नकण बाहेर येत नाही, आणि साध्या पडशाचा न्यूमोनिया होतो. दुर्बल वृद्धास तो केवढ्याला पडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको.

आमच्या घरचीच गोष्ट आहे. आमच्या आत्याबाई तापाने तीन आठवडे अंथरुणास खिळल्या. आम्ही सेवा म्हणून सर्व काही त्यांच्या हाताशी नेऊन दिले. उठण्याचे कारणच ठेविले नाही. रुग्णालयातून येताना तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र दिले होते. आत्याबाई त्यात जोर लावून फुंकीत, गोळ्या हलत नसत, आणि अंगात शक्तीच उरली नाही असा आम्ही निष्कर्ष काढून ते फडताळात ठेवून दिले. पुढे गुडघ्यांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या, त्यांच्या ते दृष्टीस पडले. ते यंत्र फुंकावयाचे नसून नळीतून श्वास ओढावयाचे असते! घरात आम्ही सगळे शिकलेले. पण हे विचारावे असे एकाच्याही मनात आले नव्हते.

तथापि हे तीन गोळ्यांचे यंत्र आणि श्वासस्नायूंचा व्यायाम ह्या दोन भिन्न गोष्टी होत. गोळ्यांचे यंत्र खोल श्वास घ्यावयास लाविते. ते स्नायूवर विशेष भार घालीत नाही. आणि स्नायू वाढतो तो भाराने. ह्यासाठी निराळे लहानसे साधन मिळते. त्यात स्प्रिंगने मिटलेली झडप असते. ठराविक जोराने ओढल्याखेरीज ती उघडतच नाही. हा जोर पाण्याच्या उंचीच्या सेंटिमीटरांत मोजतात. समजा, एखाद्याचा कमाल जोर ४० सेंटिमीटर आहे. तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२ वर आरंभ करितात, आणि तो अंगवळणी पडेल तसतसा भार वाढवितात. दिवसातून एकदा वा दोनदा, दर वेळी सुमारे ३० श्वास किंवा १५ मिनिटे, असा क्रम सहा ते आठ आठवडे चालवितात.

श्वासाचे स्नायूही हातापायांच्या स्नायूंप्रमाणे व्यायामाने बळावतात, हे १९७६ साली लीथ व ब्रॅडली ह्या संशोधकांनी निरोगी माणसांवर दाखवून दिले. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन आठवडे हा व्यायाम ज्यांनी केला, त्यांच्यापैकी १८ टक्क्यांस नंतर छातीचे उपद्रव झाले. ज्यांनी केला नाही त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांस. ते रोगी आधीच धोक्यात असलेले असे निवडलेले होते. ह्यावरून घरी बसलेल्या प्रत्येक वृद्धास तेवढाच लाभ होईल असे म्हणता येणार नाही. श्वासाचा जोर वाढतो हे बहुतेक प्रयोगांत दिसते. चाल सुधारतेच असे नाही. पायांस बळ हवे तर पायांनाच चालविले पाहिजे, आणि ताटात डाळ, दूध, ताक हवेच.

कोणी म्हणेल, आपला प्राणायाम असता हे यंत्र कशास? दोहोंत विरोध नाही. संथ पूरक-रेचकाने श्वासास लय येते, मन शांत होते; एक नाकपुडी मिटून ओढताना थोडा भारही पडतो. पण तो मोजता येत नाही, व आठवड्यागणिक वाढविता येत नाही. शिवाय रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी दीर्घ कुंभक आपल्या मनाने करू नये.

यंत्राविषयीही पथ्ये आहेत. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचण्याचा विकार झालेला असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांनी अनुमती दिल्यावाचून हात लावू नये. दम एकाएकी वाढला, पाय सुजले वा छातीत दुखू लागले, तर व्यायाम बाजूस ठेवून आधी दवाखाना गाठावा. खुर्चीत ताठ बसावे, नाक चिमट्याने मिटावे, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत. श्वास जोराने ओढावा आणि सावकाश सोडावा. घाईघाईने ओढल्यास घेरी येते, आल्यास थांबावे. भरल्या पोटी करू नये. साधन साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे, आणि ते ज्याचे त्यानेच वापरावे. एकत्र कुटुंबात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण नातवंडांना ते खेळणे वाटते.

व्यायाम सोडला की मिळविलेले बळ हळूहळू ओसरते; म्हणून पुढेही आठवड्यातून दोन-तीन दिवस तो चालू ठेवावा लागतो. आत्याबाई आपल्या दिनदर्शिकेवर एकादशीच्या खुणेशेजारीच ह्याची खूण करितात. पायऱ्या त्या अजूनही एकदा थांबूनच चढतात. परंतु ठसका लागला तर त्यांचे खोकणे आता स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते.